'व्यावसायिक हवामान' म्हणावं का?

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे : "साहेबांना सर्वेक्षणाचा फॉर्म आलाय. 'बिझनेस क्लायमेट'साठी त्यात 'देशातील व्यावसायिक हवामान' असं छापलंय. कानाला खटकतं, पण का ते सांगता येत नाही."

खटकतं ते 'मान'मुळे. तापमान, पर्जन्यमान यांतलं हे 'मान' म्हणजे माप. हवामान यंत्रावर मोजतात, वातावरण जाणवतं. 'वातावरण'ही मुळात हवेचंच, वात अधिक आवरण; पण ते मराठीत केव्हाच घरात शिरलं. भावाभावांत वाटणीचा विषय निघाला की घरातलं वातावरण तापतं, हवामान नाही.

'व्यावसायिक'ही गोंधळाचाच. व्यावसायिक नाटक, व्यावसायिक शिक्षण, व्यावसायिक सिलिंडर, तिन्हींत अर्थ वेगळा. 'उद्योग' घ्यावा तर 'नसते उद्योग' आठवतात. 'धंदा' एकवचनात सज्जन आहे, 'धंदे' म्हटलं की पोलीस दिसू लागतात. 'उद्योग-व्यवसाय' ही जोडी त्यातल्या त्यात निर्धोक.

पण आधी फॉर्म नक्की काय विचारतोय ते बघा. जागतिक बँकेच्या ज्या 'ईझ ऑफ डुइंग बिझनेस' यादीत भारत १४२ वरून ६३ व्या क्रमांकावर आला, ती परवाने, वीजजोड, कर, कोर्टकज्जे यांना लागणारा वेळ आणि खर्च मोजायची. (आकडेवारीतल्या गडबडींनंतर २०२१ मध्ये ती बंदच झाली.) तिला 'व्यवसायसुलभता' हा शब्द बसलाय, राहू द्यावा. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखानदारीचं सर्वेक्षण करते, ते वेगळं. तिथे उत्पादन, ऑर्डरी, नफा सुधारतोय की घसरतोय एवढंच कंपन्यांना विचारतात. उत्तरांचा निर्देशांक १०० च्या वर गेला तर आशा, खाली आला तर निराशा. म्युनिकची इफो ही अर्थसंशोधन संस्था जर्मन कंपन्यांना दरमहा आजची स्थिती आणि पुढच्या सहा महिन्यांची अपेक्षा विचारते.

तुमच्या साहेबांचा फॉर्मही याच जातीचा दिसतो, म्हणजे इथे मोजमाप साहेबांच्या मताचं आहे. त्याला माझी पसंती 'कल' या शब्दाला. गंमत अशी, की 'क्लायमेट' ज्या ग्रीक 'क्लिमा'वरून आला, त्याचा अर्थ उतार, झुकाव. म्हणजे आपला कलच की! निकालाच्या दिवशी आपण सकाळपासून कलच बघत बसतो, तेव्हा शब्द नवा शिकवावा लागणार नाही. मथळ्याला 'उद्योजकांचा कल' आणि प्रश्नात 'उद्योग-व्यवसायाचं वातावरण' असं करा.

खरं तर आपल्याकडे याहून मुरलेला शब्द आहे : धंदापाणी. त्यातलं 'पाणी' हवापाण्यातलंच वाटतं, पण ते व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, नुसता कानाचा कौल. छापील फॉर्मला तो शोभणार नाही, हेही कबूल.

तरी परवा कुपवाडला एका ओळखीच्या मशीनशॉपवाल्यांना मुद्दाम दोन्ही प्रकारे विचारून पाहिलं. "देशातलं औद्योगिक वातावरण कसं वाटतं?" "चांगलं आहे की. पेपरात येतंय." मग चहा आल्यावर म्हटलं, "बाकी धंदापाणी?" त्यांनी कप खाली ठेवला. "मालाला उठाव आहे ओ, पण बिलं निघत नाहीत. कायद्यात ४५ दिवस, आमच्या वहीत चार महिने."