दारातच दिलेली पाचशेची नोट

नाशिकच्या शरणपूर रोड परिसरातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो: "मॅडम, प्रीती विनाअट करायची, मग नाही कसं म्हणायचं?" कधी मुलाबद्दल, कधी जावयाबद्दल. एका ताईंचा अनुभव सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

त्यांचा धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेलेला, सातपूरची नोकरी सुटलेली. आठवड्याला पैशांसाठी दारात हजर. ताईंनी पर्समधून छोटी डायरी काढली. तारीख, रक्कम, रकमेवर आडवी रेघ आणि पुढे बारीक अक्षरात ‘प्रभूसाठी’. एका ठिकाणी पेन इतकं दाबलेलं, की कागद फाटला होता.

"बायबलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात म्हटलंय, प्रीती अपकार स्मरत नाही. आणि मी हिशेब ठेवते. माझी प्रीतीच खोटी."

अशा वेळी रागाला पाप ठरवून प्रार्थनेने झाकायची घाई होते. मी ती करत नाही. रागाच्या खाली बहुधा खरी गोष्ट असते.

"तो आला की काय होतं?"

"बेल वाजते. मी नोट हातात घेऊनच दार उघडते."

"आत बोलावता?"

"नाही."

"का?"

त्या बराच वेळ डायरीवरून बोट फिरवत राहिल्या. "लवकर जावा म्हणून."

मग त्या रडल्या. ज्याला त्या त्याग समजत होत्या, ते भावाला दारातून घालवण्याचं मोल होतं. हे मी सांगितलं असतं तर त्या दुखावल्या असत्या; स्वतःच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं. इतक्या वर्षांत मी कमावलेलं काही असेल, तर अशा वेळी गप्प राहणं.

पुढच्या भेटीत आम्ही बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशू त्याच्याकडे न्याहाळून पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो आणि तरीही अवघड तेच सांगतो: असेल ते विकून गरिबांना दे. माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू मागे धावत नाही, मागणं सौम्य करत नाही. प्रीती मात्र आधीच करून झालेली असते. मी ज्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेने काम करते, तो मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी धर्मशिक्षणाच्या वाटेवर होता. माणसाला विनाअट स्वीकारायचं म्हणजे त्याच्या प्रत्येक वागण्याला होकार द्यायचा नाही, हे मी त्याच्याकडून शिकले. व्यसनात हा फरक फार महत्त्वाचा आहे. रोख पैसा बहुतेकदा बाटलीकडेच जातो. नाही म्हणायचं ते पैशांना, माणसाला नाही. मात्र मारहाण होत असेल, तर दार बंद ठेवून मदत मागावी. त्यात प्रीती कमी पडत नाही. दारूच्या आहारी गेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे आधारगट असतात, तिथे जरूर जावं.

ताईंनी ठरवलं: पैसे नाहीत, जेवण आहे. पहिल्यांदा भाऊ शिव्या देऊन निघून गेला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. तिसऱ्या रविवारी तो बसला, भाकरी-रस्सा खाल्ला, फारसं बोलला नाही. दारू अजून सुटलेली नाही.

"मॅडम," ताई म्हणाल्या, "त्याची चप्पल अंगठ्यापाशी तारेने बांधलीय. वर्षभर तो माझ्या दारात उभा राहत होता, आणि मी पाहिलंच नव्हतं."