अलास्काचा किनारा : मोठे जहाज की लहान बोट?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. मुलगी सिएटलला असते, तिच्याकडे गेल्यावर अलास्काचा किनारा पाहण्याची इच्छा आहे. मोठ्या क्रूझने जावे की लहान बोटीने, आणि केव्हा?

उत्तर : प्रकृती साथ देत असेल तर लहान बोटच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आग्नेय अलास्कातील ‘इनसाइड पॅसेज’ हा जलमार्ग बेटांच्या आडोशाने जात असल्यामुळे खुल्या समुद्राच्या लाटा तेथे बहुतांशी पोहोचत नाहीत, आणि मोठी जहाजे ज्या अरुंद खाड्या टाळून पुढे जातात, तेथे लहान बोट शिरून निवांत थांबू शकते. उन्हाळ्यात हवाईकडून आलेले हंपबॅक देवमासे फ्रेडरिक साउंड या सामुद्रधुनीत चरतात. कधी ते गटाने बुडबुड्यांचे कडे करून हेरिंग माशांना कोंडतात आणि एकदम जबडे उघडून वर येतात. हे दृश्य पाण्याच्या पातळीजवळून पाहण्यासारखे दुसरे सुख नाही. मात्र बोटीने त्यांच्या सुमारे ९० मीटरांच्या आत जाण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती पाळणाराच चालक निवडावा.

ग्लेशियर बे अवश्य पाहावा. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेला या उपसागराच्या मुखाजवळच हिमनदीची भिंत आढळली होती. आज तेथून सुमारे १०० किलोमीटर आतपर्यंत बोट जाते.

मे-जूनमध्ये पाऊस शरद ऋतूच्या मानाने कमी असतो, तरीही चांगला रेनकोट आणि दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र असावी.