पाड्यापर्यंत रस्ता कधी?

प्रश्न : आमचा पाडा सुरगाणा तालुक्यात, लोकवस्ती तीनशेच्या आसपास. एसटी फाट्यावर थांबते, पुढे तीन किलोमीटर पायवाट. पावसाळ्यात ओहोळ भरला की पोरांची शाळा बुडते. ‘तुमची लोकसंख्या कमी, रस्ता बसत नाही,’ असं सांगतात. खरं आहे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, असं सांगणाऱ्याला आधी विचारा, ‘कोणत्या नियमात?’ प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हापासून तिचं एकक महसुली गाव नसून वस्ती आहे. मैदानी भागात किमान ५०० लोकसंख्या लागते, पण आदिवासी अनुसूचित क्षेत्रात २५०. सुरगाणा त्या क्षेत्रात येतो. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही हीच मर्यादा आहे.

खरी मेख आहे आकड्यात. मोजणी धरतात २०११ च्या जनगणनेची. आजची माणसं किती, हे तिथं चालत नाही. जनगणनेच्या छापील तक्त्यात गावाची बेरीज मिळते, पाड्याची नाही. त्यामुळे पाडा ‘न जोडलेली वस्ती’ म्हणून सर्वेक्षणाच्या यादीत आहे का आणि त्यापुढे लोकसंख्या किती लिहिली आहे, हे ग्रामसेवकांकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर मी चहासुद्धा पीत नाही! नाव नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा परिषदेला द्या. ओहोळावरच्या मोरीचा उल्लेख ठरावात वेगळा हवाच.

एसटीसाठी आगार व्यवस्थापकांकडे अर्ज निराळा करावा लागेल. गाडी वळवायला जागा कुठे आहे, तेही त्यात लिहा.