मेराल्जिया पॅरेस्थेटिकाच्या चार्टमधले माझे चारही कोड ऑडिटरने का खोडले?

प्रश्न भुसावळहून आहे, थोडक्यात असा: घरबसल्या अमेरिकन पेशंटचे चार्ट कोड करते, म्हणजे निदान आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड लावते. पेशंटच्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग आणि बधिरपणा. निदान 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका, रूल आउट एल२-एल३ रॅडिक्युलोपॅथी' (मांडीच्या बाहेरच्या कातडीची नर्व्ह दबणं; कमरेच्या मणक्याशी नर्व्हचं मूळ दबलंय का ते तपासून बाद करायचं). टाइप २ डायबेटीस, मेटफॉर्मिन चालू, ओबेसिटी, बीएमआय ३६. सोनोग्राफी बघत नर्व्ह ब्लॉक (नर्व्हजवळचं इंजेक्शन) दिला. मी जी५७.१०, एम५४.१६, आर२०.२ आणि प्रोसिजरला ६४४४७ लावला. सगळं परत आलं.

उत्तर:

जी५७.१० पासून सुरू करू. कोडबुकच्या इंडेक्समध्ये (आजारांच्या नावांची यादी) 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका' सरळ सापडतं, पुढे जी५७.१ आणि एक आडवी रेघ असते. ती रेघ म्हणजे कोड अजून अपुरा आहे, टॅब्युलरमध्ये (कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत) जा. तिथे पाचवा आकडा (पहिलं अक्षर धरून) बाजू सांगतो: १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही, ० म्हणजे बाजू माहीत नाही. तुमच्या चार्टात 'उजवी' लिहिलेलं आहे, मग शून्य का? जी५७.११ हवा होता. निदानाच्या ओळीत बाजू नाही म्हणून बरेचजण शून्य लावून मोकळे होतात. पण बाजू तपासणीत, प्रोसिजर नोटमध्ये असते. डॉक्टरने कुठेच लिहिली नसेल तर नर्सच्या नोंदीवरूनही घेता येते, गाइडलाइनमध्ये तशी मुभा आहे. मात्र एका पानावर उजवी आणि दुसऱ्यावर डावी असेल तर आपण कौल लावायचा नाही, डॉक्टरला क्वेरी (लेखी प्रश्न) टाकायची.

एम५४.१६ (कमरेची रॅडिक्युलोपॅथी) खोडला तो 'रूल आउट' या दोन शब्दांमुळे. ओपीडीच्या चार्टात प्रॉबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असं लिहिलेलं निदान कोड होत नाही. जेवढं पक्कं झालं तेवढंच लावायचं. भरती पेशंटच्या डिस्चार्जला हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नियम उलटा आहे, तिथे 'प्रॉबेबल' असलं तरी असल्यासारखं कोड करतात. दोन्ही प्रकारचे चार्ट एकाच दिवशी हाताळणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

आर२०.२ म्हणजे मुंग्या, झिणझिण्या. आपल्याकडचा पेशंट 'मांडीनी आग व्हस' म्हणेल, तिकडचा 'बर्निंग' म्हणेल, पण ते या आजाराचंच लक्षण आहे. निदान पक्कं असताना त्याचं नेहमीचं लक्षण वेगळं कोड करत नाहीत. मांडी दुखण्याचा एम७९.६५१ सुद्धा त्याच कारणाने लावायचा नाही.

आता ६४४४७. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण इथे शरीररचनाच चुकलेली आहे. ६४४४७ हा फेमोरल नर्व्हचा ब्लॉक. मेराल्जियात दबते ती लॅटरल फेमोरल क्युटेनियस नर्व्ह. नावात 'फेमोरल' आहे म्हणून ती फेमोरल होत नाही. ही एल२-एल३ मधून निघते, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ जांघेच्या लिगामेंटखालून मांडीत उतरते आणि फक्त बाहेरच्या बाजूच्या कातडीला संवेदना देते. घट्ट बेल्ट, सुटलेलं पोट, गरोदरपण, कमरेला लटकवलेली हत्यारं, दाब तिथेच येतो. स्नायूला ती काहीच पुरवत नाही. म्हणून खऱ्या मेराल्जियाच्या नोंदीत मांडीची ताकद आणि गुडघ्याचा जर्क नॉर्मल लिहिलेला असतो. चार्टात ताकद कमी किंवा जर्क मंद दिसला आणि निदान तरी मेराल्जिया असेल तर थांबा, फेमोरल नर्व्हचा (जी५७.२-) किंवा मणक्याचा प्रश्न असू शकतो. पण ते ठरवणं आपलं काम नाही, विचारणं आपलं काम.

या नर्व्हला स्वतंत्र इंजेक्शन कोड नाही. 'इतर पेरिफेरल नर्व्ह' असलेला ६४४५० लागतो, आरटी मॉडिफायरसह (मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायची खूण, आरटी म्हणजे उजवी बाजू). सोनोग्राफी त्यात धरलेली नाही, म्हणून तिचा ७६९४२ वेगळा मिळतो. मात्र सुईची इमेज जपून ठेवलेली असावी आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं असावं. नुसतं 'अंडर यूएसजी गायडन्स' एवढ्यावर तो टिकत नाही. ६४४४७ मध्ये २०२३ पासून इमेजिंग धरलेलंच आहे, त्यामुळे चुकीच्या कोडसोबत ७६९४२ लावलात तर डिनायल (बिल नाकारलं जाणं) दुहेरी.

ब्लॉकमधलं औषध ट्रायॅमसिनोलोन (स्टेरॉइड) ४० मिलिग्रॅम असेल तर जे३३०१ चे चार युनिट, कारण एक युनिट १० मिलिग्रॅमचं. 'एक कुपी, एक युनिट' लिहून पैसे सोडणारे खूप आहेत. पेशंट मेडिकेअरचा (अमेरिकेचा सरकारी विमा), कुपी सिंगल डोसची आणि काही फेकलं नसेल तर जेझेड मॉडिफायर. फेकलं असेल तर फेकलेल्या भागाची वेगळी ओळ जेडब्ल्यूसह. त्याच दिवशीच्या तपासणीला २५ मॉडिफायर लावायचा तर तपासणी इंजेक्शनपलीकडची, वेगळी दिसली पाहिजे.

डायबेटीसचं जरा नाजूक आहे. टाइप २ आणि मोनोन्यूरोपॅथी (एकाच नर्व्हचा आजार, मेराल्जिया त्यातलाच) एकत्र दिसली की कोडबुक संबंध गृहीत धरतं आणि ई११.४१ (डायबेटीसमुळे मोनोन्यूरोपॅथी) कडे हात जातो. डॉक्टरने कारण स्पष्टपणे बेल्ट आणि वजन लिहिलं असेल तर तो संबंध तुटतो, मग ई११.९ (गुंतागुंत नसलेला टाइप २). मेटफॉर्मिनसाठी झेड७९.८४ दोन्हीकडे. कारणच लिहिलेलं नसेल तर माझं मत क्वेरी टाकावी, आणि ती अशी: 'उजव्या बाजूच्या मेराल्जियाचं कारण नोंदीत दिसत नाही. कृपया नोंदवा: डायबेटीसशी संबंधित / बाहेरचा दाब / इतर / ठरवता येत नाही.' 'डायबेटीसमुळेच ना?' असं विचारलं की क्वेरी बाद, उत्तर आपणच सुचवलं.

बीएमआय ३६ बघून स्वतःच क्लास २ ठरवू नका. डॉक्टरने 'क्लास २ ओबेसिटी' लिहिलं असेल तरच ई६६.८१२ (हा कोड १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे); नुसतं 'ओबेसिटी' असेल तर ई६६.९. बीएमआयचा झेड६८.३६ सोबत जोडा, तो आकडा नर्सने लिहिलेला असला तरी चालतो.

पुढे दोन प्रकारचे चार्ट येतीलच. गरोदर बाईला आधी ओ९९.३५- तिमाहीप्रमाणे, मग जी५७.१-. आणि ताज्या मारामुळे किंवा कापल्यामुळे नर्व्ह दुखावली असेल तर जी५७ मुळीच नाही, एस७४.२- मध्ये जायचं, सातव्या अक्षरासकट.

जळगाव-धुळ्यातल्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर नुसता जी५७.१ दिसला तर तो अपुरा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये तो तिथेच संपतो, बाजू शब्दांत लिहावी लागते. पाचवा आकडा अमेरिकन आवृत्तीचा. त्या आवृत्तीत दोन्ही बाजूंचा जी५७.१३ सुद्धा ऑक्टोबर २०१६ मध्ये आला, त्यामुळे जुन्या नोट्समध्ये दोन्ही बाजूंसाठी ११ आणि १२ असे दोन कोड दिसतील. ते आता लावू नका.