लॅपटॉप उघडण्याआधी

प्रिय,

तुझी मेल परवाच वाचली. 36 तासांची हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा, सहा जणांची टीम आणि विषय काय तर 'मुलांना आणि तरुणांना कायद्याची मदत'. तू विचारलंस, चॅटबॉटला कोणकोणते कायदे वाचायला देऊ? आवडणार नाही तुला, पण सांगते. चॅटबॉट करूच नका.

अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून मी आतापर्यंत चारदा जाऊन बसले आहे. चारही वेळा जिंकला तो बॉटच. मागच्या खेपेला एका टीमने मोठ्या हौसेने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, म्हणाले, मॅडम, काहीही विचारा. मी टाइप केलं, 'येत्या रविवारी माझं लग्न लावतायत. मी दहावीत आहे.' बॉटने 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याची कलमं सुरेख मराठीत मांडली आणि शेवटी सल्ला दिला, 'आपल्या पालकांशी मोकळेपणाने चर्चा करा.' सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर कलम नसतं, माणूस असतो. रविवारच्या आत कुणीतरी दारात उभं राहायला हवं. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन गेला पाहिजे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, त्याला कळलं पाहिजे. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात, आणि तो डावलून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. लग्न आधीच लागून गेलं असेल तरी वाट बंद होत नाही. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, ती मुलगी कोर्टाकडून ते रद्द करून घेऊ शकते. यातलं बॉटने काहीच सांगितलं नाही. वर त्याच्या पोटातली पीडीएफ जुनी. 2024 मध्ये ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला, याची त्याला गंधवार्ता नव्हती.

अमेरिकेतही हा प्रयोग होऊन गेलाय. स्वतःला 'रोबो वकील' म्हणवणाऱ्या डूनॉटपे कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने 1,93,000 डॉलर भरायला लावले. आपलं सॉफ्टवेअर खऱ्या वकिलाच्या तोडीचं काम करतं का, हे कंपनीने तपासलंच नाही, असा आयोगाचा आक्षेप होता.

आपल्याकडे कायदा कमी पडत नाही गं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 काढून बघ. स्त्री असो वा मूल, वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. गंमत पुढे आहे. मुलगा 18 वर्षांचा झाला की मूल म्हणून मिळणारी ही सवलत संपते आणि बहुतेकांकडे उत्पन्नाचा दाखला मागतात. त्याच मुलाला अटक झाली की अट पुन्हा उठते, कारण कोठडीतल्या माणसाला ती लागू नाही. त्याच्या बहिणीला मात्र जन्मभर फुकट. बॉटऐवजी तुमचा एखादा साधा फॉर्म एवढं जरी बिनचूक सांगू शकला, तरी निम्मी धावपळ वाचेल. प्राधिकरणाचा 15100 हा हेल्पलाइन नंबरही आहे. किती जणांच्या फोनमध्ये तो सेव्ह असेल, तूच सांग.

आता मला खरं सांगायचंय ते.

अल्पवयीन मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कागदावर हे सगळं चोख आहे. पण ते 24 तास त्याच्या आईचे कसे जातात? मंडळाच्या व्हरांड्यात मी अशा कितीतरी आया पाहिल्यात. साडीच्या दुकानाची कॅरीबॅग, तिच्यात लॅमिनेट केलेलं आधार, रेशनकार्ड, लसीकरणाचं चुरगळलेलं कार्ड, वीजबिल. घरातला कागद नि कागद. फक्त शाळेचा दाखला नाही. आणि नेमका तोच लागतो! पोरगं 18 च्या आतलं आहे की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये क्रमच लावून दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा नाहीतर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये सांगितलंय. पण ते त्या बाईला कोण सांगणार? मागे एकीचा मुलगा बीडच्या एका वस्तीशाळेत शिकलेला, घरचे ऊसतोडीला, शाळेचा नंबर कुणाकडेच नाही. तोवर कोर्टाबाहेरच्या कुणीतरी 'मी बघतो' म्हणून तिच्याकडून पाच हजार घेतलेही होते. ज्या कामासाठी घेतले, ते आत फुकट होतं.

आदल्या रात्री या बाईच्या फोनवर वीस सेकंदांचा आवाजी निरोप गेला असता तर? 'उद्या येताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणा. नसेल तर शाळेचं नाव नि गाव लिहून आणा. वकिलाचे पैसे कुणाला देऊ नका, विधी सेवेचा वकील मिळतो.' बस. हे बांधा. स्टेजवर याचं फारसं कौतुक होणार नाही, पहिला नंबर बहुतेक शेजारच्या टीमचा येईल.

भाषेचं मात्र नीट बघा. सरकारी शब्द आहे 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. हा शब्द एकाही आईच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ती म्हणते, 'पोराला उचललं.' तुमच्या शोधपट्टीत 'उचललं' टाकून काही सापडलं नाही, तर ते तिच्यासाठी नाहीच. आणि हो, जन्मतारीख 1 जून दिसली की 'कृपया तारीख तपासा' असली लाल ओळ दाखवू नका. गुरुजींच्या कृपेने आपल्याकडे कितीएक जण 1 जूनलाच जन्माला आलेत. दाखल्यावर तीच तारीख, म्हणून मंडळापुढेही तीच.

काही गोष्टी चुकल्या तर मात्र नुसते मार्क जाणार नाहीत, म्हणून जरा कडक लिहिते. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. तुझ्या मेलमधल्या यादीत 'सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रत्येक केसचा ओळख क्रमांक) टाकून केस शोधा' असं फीचर दिसलं. मोठ्यांच्या दाव्यांना ठीक, इथून काढून टाक. नाव विचारू नका, गाव विचारू नका, लॉग ठेवू नका. फोन घरात एकच असतो नि बहुधा बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात, तेव्हा नोटिफिकेशनमध्ये 'लग्न', 'पोलीस', 'वकील' यांतला एकही शब्द नको. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे मुलाची माहिती साठवायची तर पालकांची संमती लागते. तक्रारच पालकांविरुद्ध असेल तर? साठवूच नका, प्रश्न मिटला.

राहिली तुझ्या यादीतली 'नाव न सांगता मन मोकळं करा' ही चौकट. कल्पना कुणाची, मला माहीत नाही, पण हेतू चांगला आहे. आता समज, रात्री दोन वाजता तिथे एका मुलीने काकाबद्दल लिहिलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा ज्याला कळला, त्याला तो पोलिसांना कळवावाच लागतो. तो 'ज्याला' म्हणजे तुम्ही सहा जण. न कळवणं हाही गुन्हा. रात्री दोनला ते वाचणारं, काय करायचं हे ठाऊक असलेलं माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल तर चौकट काढा आणि तिथे 1098 चं मोठं बटण द्या. मुंबईत 1996 साली सुरू झालेली ही सेवा आहे, रात्रीही कुणीतरी फोन उचलतं.

ट्रॉफीनंतरचं थोडक्यात. दोन वर्षांपूर्वी जिंकलेलं एक ॲप मी मध्यंतरी सहज उघडलं. 'वकिलाशी बोला' दाबलं, तर फोन लागला एका मोबाइल रिचार्जच्या दुकानात. तो मुलगा वैतागून म्हणाला, 'मॅडम, रोज कुणी ना कुणी रडत फोन करतं, मी काय करू?' तेव्हा कोड लिहायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि दर महिन्याला वकिलांच्या नंबरांची यादी कोण तपासणार, ते नक्की करून घ्या. कुणी हो म्हणालं नाही, तर यादीच ठेवू नका, फक्त 15100 ठेवा.

सोमवारी सव्वादहाला येरवड्याला बाल न्याय मंडळात ये. सुनावणी बंद दाराआड असते, आत तुला घेता येणार नाही. बाहेर बाकावर बस. मुलांशी बोलू नकोस, फोटो काढू नकोस. आयांशी बोल, तेही त्या आपणहून बोलल्या तर. लॅपटॉप नको, वही आण. आणि पाण्याची बाटली जास्तीची आण, तिथे कुणी ना कुणी पाणी मागतंच.

— वकीलकाकू