मोरीपासून बल्बापर्यंत

प्रश्न : मी नागपुरात प्रौढ महिलांचा संध्याकाळचा वर्ग घेते. ‘शाश्वत विकास’ हा धडा आला की सगळ्या गप्प होतात. कसा शिकवू?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : ताई, पहिले दोन दिवस तो शब्द फळ्यावर लिहूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने दिलेल्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या चांगलीच आहे: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे. पण ती शेवटी सांगा.

मी माझ्या वर्गात जमिनीवर खडूने पेंच नदी काढली. तोतलाडोहचं धरण, तिथून नागपूरचा नळ, नळातून मोरी. ‘मग पाणी जाते कुठं?’ मी विचारलं. नाग नदी सगळ्यांना ठाऊक होती, वासासकट. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, हे मात्र नवीन होतं. मागे बसलेल्या आजी वर बघत म्हणाल्या, ‘म्हन्जे माह्या मोरीतलं पाणी या बल्बासाठी कामी येते?’ त्या दिवशी वर्ग अर्धा तास उशिरा सुटला.

प्लॅस्टिकवरून मात्र कुणाला रागावू नका. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या बाईला काटकसर काय शिकवायची? तिलाच शिकवू द्या.

सप्टेंबर २०२३चा पूर कुणाच्या घरात शिरला असेल, तर आधी तिचं ऐका. नाल्यांवरच्या बांधकामांचा विषय ती स्वतःच काढेल. तेव्हा खडू तिच्या हातात द्या.