कॅम्परच्या इंजिनाआधी सोसायटीचं कर्ज

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलंय. वय ४१, चार एकर बाग, थोडा टोमॅटो, घरात आई, बायको आणि दोन शाळकरी मुलं. त्यांच्याकडे २०१२ ची बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह आहे, दोन लाख तीस हजार किलोमीटर पळालेली. धूर मारते, ऑइल पिते, क्लच घसरतो, आणि फोर व्हीलचा गिअर टाकला की ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद देणारी गिअरपेटी) वाजते. गॅरेजवाल्याने अंदाज दिलाय: इंजिनकाम ८५ हजार, ट्रान्सफर केस आणि पुढचा एक्सल ४५ हजार, क्लच १५, पाटे-बुश-शॉकअप २५. त्यावर मोठे मड टायर, गाडी उंच करायचं किट, अडकलेली गाडी ओढून काढायची विंच आणि लाइटबार यांचे दीड लाख. एकूण तीन लाख वीस हजार. त्यांचा प्रश्न असा: "एवढा खर्च करू की ११ लाखांची नवी घेऊ? बँकेत लाखभर शिल्लक आहे. बाकीसाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढू की बायकोचं सोनं ठेवू?"

भाऊ, नवी गाडी विसरा. दोन लाख भरून नऊ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला साडेएकोणीस हजार, वर्षाला दोन लाख चौतीस हजार जातील. ते कुठून येणार? जुनी गाडी ठेवा. दुरुस्ती करा, पण एकदम नाही. आणि ते दीड लाखाचं सामान तर अजिबात नको. का, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात याहून मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: "गावच्या सहकारी सोसायटीचं तीन लाखांचं पीककर्ज दोन हंगाम फिरवलं नाही, कारण जानेवारीत पॉलिसीचा १ लाख २० हजारांचा हप्ता येतो. कर्जमाफी होईलच, गावात सगळेच थांबलेत." हे वाक्य मी तीनदा वाचलं.

पीककर्ज वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत आपल्या राज्यात व्याज पडत नाही. केंद्राची सवलत आणि त्यावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, दोन्ही मिळून शून्य टक्के. ३१ मार्चच्या आत सोसायटी नील करायची, म्हणजे सगळं कर्ज फेडायचं, एप्रिलमध्ये पुन्हा उचल घ्यायची. शेतकऱ्याला याहून स्वस्त पैसा कुठेच मिळत नाही. तुम्ही तो हातचा घालवला. आता सोसायटी तुम्हाला १२ टक्के लावते, म्हणजे वर्षाला ३६ हजार. थकबाकीदार झाल्यामुळे नवी उचल नाही, म्हणून अडीच लाखांची औषधं-खतं दुकानातून उधार, महिन्याला दोन टक्क्यांनी. सहा महिने धरा, ३० हजार. दोन्ही मिळून वर्षाला ६६ हजार, दोन हंगामांचे १ लाख ३२ हजार. तुमचं इंजिनकाम आणि ट्रान्सफर केस मिळून १ लाख ३० हजार होतात. गाडीचे पैसे तुमच्याकडे होते, ते व्याजात गेले.

आणि हे सगळं कशासाठी? पॉलिसीसाठी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॉलिसीचं पान फवारणीच्या वहीवर ठेवलेलं दिसतं, कडेला बोर्डोचं प्रमाण लिहिलंय. त्या वहीत एकेक मिली मोजणाऱ्या माणसाने शेजारच्या पानावरच्या दोन ओळी वाचल्या नाहीत, याचं मला वाईट वाटतं. हप्ता भरायची मुदत १२ वर्षं. पॉलिसीची मुदत २० वर्षं. तुम्हाला बँकेत सांगितलं, "एफडीसारखंच आहे, पैसे दुप्पट होतात." द्राक्षाचे पैसे खात्यात जमा झाले त्याच आठवड्यात सांगितलं, हेही तुम्हीच लिहिलंय. अशी पत्रं मला दर हंगामानंतर येतात आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

दुप्पट होतात का? १४ लाख ४० हजार भरा, बोनस धरून साधारण २७ लाख घ्या. जवळजवळ दुप्पट, पण विसाव्या वर्षी. हिशेब केला तर वर्षाला साडेचार टक्केसुद्धा सुटत नाहीत. हेच हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी गेले असते तर विसाव्या वर्षी ४० लाख झाले असते. आणि विमा किती? १२ लाखांचा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर सोसायटी, दुकान आणि दोन मुलांचं शिक्षण १२ लाखांत कसं भागेल? साडेचार टक्के मिळवण्यासाठी तुम्ही एकीकडे १२ आणि दुसरीकडे २४ टक्के भरताय.

कर्जमाफीचं बोलू. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा होती आणि त्याहून जास्त थकबाकी असलेले खातेदार पात्रच नव्हते. तुमचे तीन लाख तेव्हा असते तर एक रुपयाही सुटला नसता. पुढची योजना कधीची थकबाकी धरेल, किती धरेल, हे तुमच्या हातात नाही. दरमहा तीन हजार व्याज मात्र आज लागतंय. गावात सगळे थांबलेत म्हणून तुमचं व्याज थांबत नाही.

तसाच बागेचा हिशेब. किलोला पंचावन्नचा भाव धरून १२ लाख मोकळे होतील असं तुम्ही लिहिता. गेल्या दोन वर्षांचे भाव तुम्हीच दिलेत: २८ आणि ३२. मी ३० धरतो. चार एकरांत ३६ टन, १० लाख ८० हजार. उधारी धरून एकरी दोन लाख खर्च, म्हणजे आठ. उरले २ लाख ८० हजार. पंचावन्न मिळाले तर मला आनंदच आहे, पण कर्ज त्या भावावर काढू नका.

आता करायचं काय? जानेवारीचा चौथा हप्ता भरू नका. पण पॉलिसी मोडायच्या आधी मुदतीचा साधा विमा, टर्म इन्शुरन्स, हातात घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे तुमच्याकडे विवरणपत्रं नसतील आणि कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल. सातबारा, द्राक्ष विक्रीच्या पट्ट्या, बँकेचं स्टेटमेंट तयार ठेवा. निदान ५० लाखांचा मिळवा, साधारण १५ हजारांच्या आसपास बसेल. तंबाखू खात असाल तर अर्जात लिहा. हप्ता वाढला तरी चालेल, लपवू नका.

तो विमा आला की पॉलिसी सरेंडर करा. तीन हप्त्यांनंतर तुमच्या पॉलिसीत भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के परत मिळण्याची हमी आहे, म्हणजे १ लाख २६ हजार. प्रत्यक्षात थोडे जास्त मिळतील, आकडा कंपनीकडून लेखी घ्या. ३ लाख ६० हजारांतले सव्वादोन-अडीच लाख गेले, हे दुखणारच. पण उरलेले नऊ हप्ते, १० लाख ८० हजार, तुमचे मोकळे राहतील. हप्ते थांबवून पॉलिसी पेडअप करायचा, म्हणजे कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवायचा, पर्याय बँकवाले सांगतील. डोक्यावर कर्ज नसतं तर मी विचार केला असता. फसवून विकल्याची तक्रार कंपनीकडे जरूर करा, दाद नाही मिळाली तर विमा लोकपालाकडे जा, पण त्या पैशांची वाट बघत बसू नका.

सरेंडरचे सव्वा लाख आणि बागेचे २ लाख ८०, चार लाख झाले. सोसायटीचं व्याजासह ३ लाख ७२ हजार ३१ मार्चच्या आत भरा. एप्रिलची उचल औषधांच्या रोख खरेदीला ठेवा, गाडीला लावू नका. पॉलिसीवरच्या कर्जाची गरजच उरत नाही. सोनं घरात राहू द्या.

गाडीला बँकेतले ते लाखभर पुरतात. आत्ता फक्त क्लच, १५ हजार. माल बागेतून काढायला तो लागणारच. फोर व्हील मात्र आत्ता कुठे लागतं? जानेवारी ते एप्रिल तुमची काळी माती कोरडी ठणठणीत असते. ते लागेल जूनपासून आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला तर. म्हणून ट्रान्सफर केस मेमध्ये, ४५ हजार. पाट्यांचा सगळा संच नको, तुटलेले पाटे आणि बुश तेवढे बदला, १५ हजारांत होईल.

इंजिन पुढच्या एप्रिलला, बहुतेक. त्याआधी एक गोष्ट स्वतः बघा. गाडी गरम झाल्यावर चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून नुसतं तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल, धूर फसफसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर घ्या. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल आणि वर्षाला बारा हजार किलोमीटर, म्हणजे ऑइलचे पाच हजार. त्यासाठी ८५ हजार आज मोडायची घाई नाही. मात्र कॉम्प्रेशन अगदीच बसलं असेल किंवा पीयूसी मिळत नसेल, तर मला पुन्हा लिहा.

उरले ते उंच टायर आणि विंच. ते का हवेत, तेही तुम्ही लिहिलंय: पेठकडचे बारा-चौदा मजूर हौदात बसवून सावळघाटातून आणता, पावसात गाडी घसरते. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुमच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे. आरसीवरच्या सीटपेक्षा जास्त माणसं मालाच्या हौदात असताना काही घडलं तर विमा कंपनी हात झटकते, किंवा न्यायालय तिला पैसे भरायला लावून तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं. मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. तुमची चार एकर त्यात जातील, आणि ज्यांच्या घरचं माणूस जाईल त्यांचं काय? गाडी उंच केली की ती वळणावर आणखी कलते. शिवाय मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. मजुरांसाठी त्यांच्याच गावातली प्रवासी परवान्याची जीप ठरवा आणि भाडं बागेच्या खर्चात धरा. हे उद्यापासून करा, बाकी सगळं नंतर.

मेमध्ये ट्रान्सफर केस उघडेल तेव्हा गॅरेजमध्ये स्वतः थांबा. जुनी बेअरिंग, चेन आणि सील हातात घेऊन बघितल्याशिवाय नवं काही बसवू देऊ नका. पुढच्या एक्सलचं ऑइल काढतील तेव्हा त्यात पाणी आहे का तेही बघा. दुधाळ दिसलं तर पुढची सीलंही त्याच वेळी बदलून घ्या.